पेंटबॉल: टीममध्ये बोलायचं कसं, मैदानावर लक्ष ठेवायचं कसं

पेंटबॉलमध्ये, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायच्या खेळात, बरेच खेळाडू बाद होतात ते त्यांना न दिसलेल्या माणसाच्या गोळीने. बंकरच्या (लपायच्या आडोशाच्या) कडेने डोकावताना समोरचा एकजण दिसतो, आणि त्याच वेळी मैदानाच्या दुसऱ्या बाजूने कोणीतरी तुमच्या उघड्या बरगडीवर नेम धरलेला असतो. हा दुसरा माणूस तुमच्या टीममधल्या कुणाला तरी बहुधा दिसत असतो. तो बोलला नाही, म्हणून तुम्ही बाद होता. खालची पद्धत पाच विरुद्ध पाच खेळासाठी आहे. हवा भरलेल्या बंकरांचं स्पर्धेचं मैदान असो की लोणावळा, पुणे, गोव्याकडे भाड्याच्या सामानावर रंगणारा ड्रम-टायरचा सामना, दोन्हीकडे ती चालते.

१. खेळाआधी मैदान चालून घ्या

दहा मिनिटं पुरतात. पाचही जणांनी एकत्र चालायचं, कारण नावं सगळ्यांची सारखी हवीत. प्रत्येक बंकरला एक छोटं नाव द्या: टायर, ड्रम, भिंत, पोतं. एकाच प्रकारचे दोन असतील तर आपल्या बेसपासून क्रमांक लावा: ड्रम एक, ड्रम दोन. पलीकडच्या अर्ध्या मैदानात तसाच बंकर असेल तर पुढे ‘त्यांचा’ जोडा.

‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ हे शब्द मात्र टाळा. वळून बसलेल्या खेळाडूची डावी बाजू तुमची उजवी असते, आणि दुसऱ्या डावात टोकं बदलली की सगळंच उलटं होतं. स्पर्धेच्या मैदानात (साधारण १५० फूट लांब, १२० फूट रुंद) एका कडेला बुटक्या बंकरांची लांब रांग असते, तिला स्नेक म्हणतात. दुसऱ्या कडेला त्रिकोणी बंकर असतात, ते डोरिटो. खेळाडू ‘स्नेक बाजू’ आणि ‘डोरिटो बाजू’ असंच बोलतात. साध्या मैदानावर ‘रस्त्याची बाजू’ आणि ‘झाडाची बाजू’ म्हणा. तोंड कुठेही असलं तरी अर्थ बदलत नाही.

चालताना प्रत्येक महत्त्वाच्या बंकरमागे मार्कर (गोळ्या मारायची बंदूक) धरून, गुडघ्यावर बसून बघा. उभ्याने दिसणारं मैदान आणि बसून दिसणारं मैदान वेगळं असतं. इथून काय दिसतं यापेक्षा इथल्या माणसाला कुठून मारता येईल, हे जास्त बारकाईने तपासा.

२. कोण काय बघणार ते वाटून घ्या

दोघं पुढे, दोघं मध्ये, एक मागे. पुढच्यांना सगळ्यात कमी दिसतं. ते कडेला चिकटलेले असतात आणि त्यांच्यावर सतत मारा होत असतो. मागच्याला सगळं मैदान दिसतं, म्हणून सगळ्यात जास्त त्यानेच बोलायचं. खणखणीत आवाजाचा, डोकं शांत ठेवणारा माणूस तिथे ठेवा, भले त्याचा नेम थोडा कच्चा असो. मधल्या दोघांचं काम निरोप पुढे पोचवण्याचं: मागून आलेलं वाक्य तसंच्या तसं पुढे, पुढून आलेलं मागे. त्यात स्वतःची भर घालायची नाही.

३. हाक कशी द्यायची

क्रम ठरलेला ठेवा: आधी ज्याला सांगायचं त्याचं नाव, मग जागा, मग काय घडतंय. “नेहा, त्यांचा टायर, एकजण!” नाव शेवटी घेतलं तर तोवर नेहाने अर्धं वाक्य ऐकलेलंच नसतं. ‘तिकडे’, ‘तो बघ’, ‘मागे मागे’ यांचा उपयोग शून्य, कारण ऐकणारा तुमचं बोट बघत नसतो.

ऐकणाऱ्याने जागा उलट म्हणायची: “टायर, एक!” ही पोच आली नाही तर निरोप पोचलेला नाही असं धरून पुन्हा ओरडा. क्रिकेटमध्ये धाव घेताना दोन्ही टोकांकडून हाक लागते, इथेही तसंच. नवख्या टीममध्ये सगळ्यात आधी सुटते ती ही पोच. लाज वाटते, किंवा ‘ऐकलं की’ असं मनात म्हणून माणूस गप्प राहतो.

मास्कमुळे आवाज दबतो. चिरका आवाज काढू नका, पोटातून भरदार आवाज काढा आणि शब्द तोडून बोला. नीट ऐकू जावं म्हणून मास्क वर करणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे. तो कधीही करायचा नाही. गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांपर्यंत असू शकतो, आणि डोळ्यावर बसली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. काचेवर वाफ धरून दिसेनासं झालं तर “आउट” म्हणून हात वर करा आणि मास्क घालूनच मैदानाबाहेर या.

सांकेतिक शब्दांचा अनेकांना फार सोस असतो. आपल्याकडे दोन्ही टीमना मराठी कळतं, मग गुपित कसं राहणार, असा प्रश्नही पडतो. पण समोरचा माणूस टायरमागे आहे हे त्याला स्वतःला माहीतच असतं, ते लपवून काय मिळणार? जागा उघड सांगा. संकेत लागतो तो फक्त आपल्या इराद्यांसाठी: मी पुढे पळतोय, माझ्या गोळ्या संपत आल्या, या बाजूला आपलं कुणी उरलं नाही. एवढे तीन-चार शब्द ठरवा, जास्त केले तर घाईत आठवत नाहीत.

४. पहिले दहा सेकंद

शिट्टी होताच पुढचे चौघे आपापल्या बंकरकडे धावतात. त्यांना कुणाकडेही नीट बघता येत नाही. मागच्याने त्या वेळी समोरचे पाचही जण कुठे शिरले ते टिपायचं. बंकर गाठल्यावर प्रत्येकाने आधी स्वतःची जागा सांगायची: “सम्या, ड्रम दोन!” मग मागचा मोजणी देतो: “झाडाच्या बाजूला तीन, मध्ये एक, रस्त्याला एक.” बेरीज पाच आलीच पाहिजे. चारच दिसले तर “एक सापडत नाही” असं स्पष्ट ओरडा. त्या एकाचा पत्ता लागेपर्यंत कुणीही पुढे सरकायचं नाही.

पुढे खेळभर हाच हिशेब चालू ठेवा. कुणी बाद झाला की “एक गेला, चार उरले!” अशी हाक हवी, आणि ती सगळ्यांपर्यंत पोचायला हवी. आपला गेला तरी सांगायचं, कारण त्याच्याकडची बाजू आता मोकळी पडलेली असते. नियमाने बाद झालेल्याला माहिती देता येत नाही. त्याने हात वर करून, मार्करच्या नळीवर कव्हर चढवून निमूट बाहेर जायचं. त्यामुळे मधल्याने दर अर्ध्या मिनिटाला पुढच्यांना नावाने हाक मारावी. ओ आली नाही, तर तो नाही असं समजा.

५. एका माणसात अडकू नका

समोरच्याशी जुंपली की नजर त्याच्यावरच खिळते, आणि मास्कची चौकट बाजूचं दिसणं आणखी कमी करते. सवय अशी लावा: दोन-तीन गोळ्या, आत, बंकरच्या आडून आपल्या माणसांकडे एक नजर, एक प्रश्न, आणि मग दुसऱ्या उंचीवर किंवा दुसऱ्या कडेने बाहेर. एकाच जागेतून लागोपाठ दोनदा डोकं काढलं तर तिसऱ्यांदा तिथे गोळी आधीच पोचलेली असते.

कान वापरा. गोळ्या बंकरच्या कोणत्या अंगावर आपटतायत त्यावरून मारणारा कुठे आहे ते कळतं. मारा अचानक थांबला तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असते: तो हॉपर (मार्करवरचा गोळ्यांचा डबा) भरतोय, तो हलला, किंवा तो बाद झाला. लगेच डोकं काढू नका. आधी विचारा: “त्यांचा टायर आहे का?” ज्याला दिसतं त्याने उत्तर द्यायचं.

आडव्या कोनातून, म्हणजे दुसऱ्या बाजूने येणारा धोका पुढच्याला दिसत नाही. त्यासाठी एकच ठरलेली हाक ठेवा, “आडवा!” ती ऐकली की काहीही न बघता आत व्हायचं.

६. पुढे सरकताना

धावणारा “तयार?” विचारतो. झाकणारा, म्हणजे मारा करून त्याला आड देणारा, आपला हॉपर हलवून बघतो, मग “तयार” म्हणतो, आधी मारा सुरू करतो, समोरचं डोकं आत गेल्यावरच “जा!” म्हणतो. क्रम उलटा झाला, म्हणजे माणूस आधी निघाला आणि मारा मागून सुरू झाला, तर धावणारा हमखास बाद होतो.

हॉपरमध्ये साधारण २०० गोळ्या मावतात, पण भाड्याच्या खेळात माणशी मोजक्याच मिळतात. एका हालचालीसाठी सहा ते आठ गोळ्या पुरतात. त्या एकदम न उडवता लयीत टाका. हॉपर रिकामा झाल्यावर सांगून उपयोग नाही, पंधरा-वीस उरल्या की सांगा.

७. सराव, गोळ्या न वापरता

मास्क चढवून पाचही जण बंकरमागे बसा. एकाने मधेच शिट्टी वाजवायची, आणि प्रत्येकाने न बघता सांगायचं: आपले चौघं कुठे, समोरचे किती आणि कुठे. समोर उभं राहायला मित्र चालतात, दर शिट्टीनंतर ते जागा बदलतात. नंतर एकाला बंकरमागे पाठ करून बसवा आणि मागच्याच्या हाका ऐकून समोरचे कुठे आहेत ते वाळूवर काढायला लावा. चित्र चुकलं तर हाकेचे नेमके शब्द आठवून बघा. बहुतेक वेळा त्यात जागेचं नाव राहिलेलं असतं किंवा पोच आलेली नसते. पंधरा मिनिटांचा हा सराव प्रत्येक सामन्याआधी करा आणि मागच्या जागेवर आळीपाळीने सगळ्यांना बसवा.