सपाट तळव्यांसाठी कमी-जास्त करता येणारे इनसोल बनवताय? या चुका टाळा

सपाट तळव्यांसाठी इनसोल बनवायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. कमान खचली आहे, मग तिच्या बरोबर मधोमध एक उंचवटा चिकटवायचा. तो कमी पडला तर आणखी एक थर. तासाभराने घालणारा म्हणतो, ‘तळव्यात खडा रुततोय’ आणि इनसोल बुटातून बाहेर येतो. बाजारातले तयार ‘आर्च सपोर्ट’ कपाटात पडून राहतात, त्यामागेही बहुतेक वेळा हेच कारण असतं.

पायाचा कणा टाचेत असतो. सपाट पायात टाचेचं हाड बाहेरच्या अंगाला कलतं, त्यावर बसलेलं टॅलस हे घोट्याचं हाड आत आणि खाली सरकतं, त्याच्या पुढचं नॅव्हिक्युलर हाड जमिनीकडे येतं. कमान खचलेली दिसते ती या सगळ्याच्या शेवटी. मधल्या मऊ भागात कितीही ढकललं तरी कललेली टाच सरळ होत नाही, मध्ये फक्त तळव्याचा जाड पडदा आणि स्नायू दाबले जातात. म्हणून समायोजनाची पहिली सोय टाचेत हवी. कमानीचा आधार त्यानंतर, आणि तोही माफक.

आधाराची जागा हाताने शोधा

आतल्या घोट्याच्या हाडाच्या टोकावर बोट ठेवा आणि सरळ खाली साधारण दोन-अडीच सेंटिमीटर या. तिथे अंगठ्याला एक छोटा, कठीण कठडा लागतो. हा टाचेच्या हाडाचाच आत आलेला भाग, सस्टेंटॅक्युलम टॅली. टॅलस हाड याच्यावर टेकतं. इनसोलचा उंच भाग याच्या खालून सुरू व्हायला हवा आणि पुढे हळूहळू उतरत जायला हवा. तयार इनसोलमध्ये हा उंचवटा बऱ्याचदा दोन-तीन सेंटिमीटर पुढे असतो, कारण रिकाम्या पायाकडे पाहिलं की कमान तिथेच सगळ्यात उंच दिसते.

जागा बरोबर आली की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. कठड्याखालच्या कातडीवर लिपस्टिकचा ठिपका लावायचा, इनसोल बुटात घालून त्यावर अनवाणी पाय ठेवायचा आणि वजन द्यायचं. ठिपका इनसोलच्या उंच भागावर उमटला तर ठीक. त्याच्या मागे उमटला तर उंचवटा तेवढाच मागे आणा. अंदाजाने चिकटवलेल्या दहा थरांपेक्षा या एका ठिपक्यातून जास्त कळतं.

पाचर किती द्यायची?

टाचेच्या आतल्या बाजूला पाचर घातली की टाच सरळ होते. गणित सोपं आहे. टाचेची रुंदी साधारण ६० मिलिमीटर धरली तर आतल्या कडेला दिलेला १ मिलिमीटर म्हणजे सुमारे १ अंश. ४ मिलिमीटर दिले की ४ अंश. त्यामुळे ‘थोडीशी जास्त’ म्हणून चिकटवलेली ८ मिलिमीटरची पाचर मामुली नसते. पाय तिच्यावरून बाहेरच्या अंगाला घसरतो आणि करंगळी बुटाला घासायला लागते. माझ्या मते सुरुवात २ मिलिमीटरने करावी, वाढवताना एका वेळी १ किंवा २ मिलिमीटरच वाढवावेत आणि ६ च्या पुढे जाण्याआधी पाय पुन्हा तपासावा.

पूर्ण इनसोल तिरका करण्याऐवजी टाचेच्या वाटीच्या (टाच बसते त्या खोलगट भागाच्या) फक्त आतल्या भागात उतार देण्याची एक पद्धत आहे. अमेरिकी पायतज्ज्ञ केव्हिन कर्बी यांनी १९९२ मध्ये ती मांडली. तीत प्लास्टरच्या साच्याचा टाचेखालचा आतला भाग १५ अंशांच्या उताराने छिलतात. त्या साच्यावर घडवलेला इनसोल तिथे उंच येतो, त्याने टाचेच्या आतल्या भागावर दाब वाढतो आणि कमानीत काही न खुपता टाच वळते. समायोज्य इनसोलमध्ये हेच साधायचं तर वाटीच्या आतल्या अर्ध्या भागात बसणाऱ्या २ आणि ४ मिलिमीटरच्या सुट्या चकत्या करता येतात. वाटी मात्र खोल हवी. ८-१० मिलिमीटरच्या उथळ वाटीतून टाच बाजूला निसटते. मी १६ ते २० मिलिमीटर ठेवतो.

खचलेल्याच पायाचा साचा घेऊ नका

आता बऱ्याच शिबिरांत पाय काचेवर ठेवून ‘कॉम्प्युटर स्कॅन’ करतात. लाल-पिवळ्या-निळ्या रंगांत चित्र येतं आणि त्यावरून इनसोल बनवून मिळतात. ते चित्र दाब कुठे पडतो हे सांगतं. पाय सावरला तर कसा दिसेल हे त्यातून कळत नाही. पूर्ण वजन देऊन उभं राहून घेतलेला साचा म्हणजे खचलेल्या पायाचीच हुबेहूब नक्कल, आणि त्यावर बनवलेला इनसोल पाय तसाच धरून ठेवतो. माणसाला खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात, टाच सरळ धरा आणि मग पाय ठसा घेण्याच्या फोमच्या डब्यात दाबा. दोन्ही पायांचा साचा वेगळा घ्या. डावा-उजवा फरक अपवादाने नव्हे, नेहमीच असतो.

कसली यंत्रणा?

कमी-जास्त करण्यासाठी तीन-चार मार्ग वापरले जातात. वेल्क्रोने बसणारे ईव्हीएचे (चपलांच्या सोलला वापरतात त्या हलक्या फोमचे) थर हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग. पण वेल्क्रोची जोडी स्वतःच दोन-तीन मिलिमीटर जागा खाते, हे मोजमापात धरलं जात नाही. मग ‘२ मिलिमीटरची’ पाचर प्रत्यक्षात साडेचार भरते. उपाय असा की खरखरीत बाजू संपूर्ण खालच्या भागावर एकसारखी लावायची, म्हणजे ती जाडी सगळीकडे समान राहते आणि पाचर तेवढीच खरी उंची देते. थरांच्या कडा ग्राइंडरवर शून्यापर्यंत उतरवा. एक मिलिमीटरची पायरीसुद्धा तळव्याला दिवसभर जाणवत राहते.

स्क्रूने वर-खाली होणारी यंत्रणा दिसायला छान असते, पण सगळा जोर एका बिंदूवर येतो. स्क्रू आणि पाय यांच्यामध्ये किमान ३ मिलिमीटरची पॉलिप्रॉपिलीनची पट्टी नसेल तर तो बिंदू काही दिवसांत वर जाणवायला लागतो. हवेच्या पिशवीचा प्रश्न वेगळा आहे. दाबली की हवा शेजारी सरकते, त्यामुळे मऊपणा मिळतो, पण ऐन वजन पडताना टाच धरून ठेवायला ती कमी पडते. उशी म्हणून ती चालेल, आधार म्हणून मी ती सुचवत नाही.

खरी गफलत वापरात होते. टाचेची पाचर, कमानीचा थर आणि टाचेखालची उंची, तिन्ही एकाच संध्याकाळी बदलायचं, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला की कशामुळे हे कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल केला की चार-पाच दिवस तसंच चाला, मग ठरवा. प्रत्येक थरावर जाडी लिहून ठेवा. बरोबर मांडणी सापडली की वेल्क्रो काढून ते थर रबर सोल्यूशनने कायमचे चिकटवा. समायोजन ही योग्य माप शोधण्याची सोय आहे. रोज सकाळी फिरवत बसायचं बटण म्हणून तिचा वापर करू नये.

पोटरी आखडलेली असेल तर

हे तपासायचं सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. भिंतीकडे तोंड करून, गुडघा सरळ ठेवून, टाच न उचलता घोटा पुढे वाकवून बघा. साधारण १० अंशही वाकत नसेल तर पोटरी आखडलेली आहे. अशा पायाला पुढे जायला घोट्यातून वाट मिळत नाही, म्हणून तो मध्येच वाकतो आणि कमान खाली जाते. या पायाखाली कडक, उंच आधार दिला की वरून पोटरी ओढते, खालून इनसोल ढकलतो आणि मधल्यामध्ये पाय भरडला जातो. लोक म्हणतात इनसोल लागला, थर कमी करा. थर कमी करून भागत नाही. टाचेखाली ४ ते ६ मिलिमीटरची सपाट उंची द्या आणि पोटरीचे ताण रोज सुरू करा. पोटरी सैल होत गेली की उंची कमी करत आणा. समायोज्य इनसोलचा इतका चोख उपयोग दुसरीकडे क्वचितच होतो.

पुढचं टोक कुठे संपतं?

१९५४ मध्ये जे. एच. हिक्स यांनी दाखवून दिलं की अंगठा वर वळला की तळव्याचा पडदा ताणला जातो आणि कमान आपोआप उचलली जाते. बसून अंगठा हाताने वर उचला, कमान वर येताना दिसेल. चालताना दर पावलाला हे होतं, पण त्यासाठी अंगठ्यामागच्या लांब हाडाचं टोक खाली टेकायला मोकळं हवं. इनसोलचा कडक भाग चवड्याच्या गादीखाली घुसला तर ते अडतं. कडक भाग गादीच्या थोडा अलीकडेच थांबवा. पुढे फक्त मऊ, पातळ अस्तर जाऊ द्या.

कोणत्या पायाला इनसोल लावायचाच नाही

चवड्यावर उभं राहायला सांगा. कमान उमटली आणि टाच आत वळली तर पाय लवचिक आहे आणि इनसोलने त्याला मदत होऊ शकते. कमान आलीच नाही, टाच तशीच राहिली तर पाय कडक आहे. शाळकरी किंवा किशोरवयीन मुलात याचं कारण दोन हाडं जोडलेली असणं हे असू शकतं. तिथे आधी अस्थिरोगतज्ज्ञ आणि एक्स-रे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचा एकच पाय नव्याने सपाट होऊ लागला, आतल्या घोट्यामागे सूज आहे आणि त्या एका पायावर चवडा उचलता येत नाही, तर टिबिआलिस पोस्टिरियर हा स्नायूबंध कमजोर झाल्याची शक्यता मोठी. घरी थर बदलत महिने घालवले तर हा पाय हातचा जाईल.

पाय सपाट आहे पण दुखत नाही, थकत नाही, तर काही करू नका. लहान मुलांच्या आईवडिलांना हे पटवणं अवघड जातं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या वेंगर आणि सहकाऱ्यांनी लवचिक सपाट पाय असलेल्या लहान मुलांना तीन वर्षं खास बूट आणि इनसोल देऊन पाहिले. काहीच न दिलेल्या मुलांच्या तुलनेत कमानीत फरक पडला नाही, वयानुसार सगळ्यांचेच पाय सुधारले. आपल्याकडे राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलांच्या पाऊलठशांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पादत्राणं वापरणाऱ्यांमध्ये सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के तर अनवाणी वाढलेल्या मुलांमध्ये २.८ टक्के होतं. पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं कमान ‘तयार’ व्हावी म्हणून उंच इनसोल घालतात, त्यांनाही हेच स्पष्ट सांगायला हवं. बुटात असेपर्यंत इनसोल आधार देतो. वैद्यकीय तपासणीत पाय अनवाणीच बघतात.

मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर घरगुती समायोजन अजिबात नको. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा (संवेदना तपासायच्या नायलॉनच्या बारीक तंतूचा) स्पर्श कळत नसेल, तर रुतणारी कडसुद्धा कळणार नाही आणि जखम झाल्यावरच लक्षात येईल. अशा रुग्णांसाठी एमसीआरसारख्या मऊ रबराचे, मापाने बनवलेले इनसोल असतात. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी ऑर्थोटिस्टचा (असे आधार मापाने बनवणाऱ्या तज्ज्ञाचा) विभाग आहे, तिथे जावं.

बूट, चप्पल आणि घरातली फरशी

इनसोल घालण्याआधी बुटातला मूळ सोल काढा. दोन्ही एकावर एक ठेवले की टाच वर येऊन बुटातून निसटते. बुटाची टाचेकडची भिंत बोटांनी दाबून बघा. सहज आत गेली तर पाचर कितीही अचूक असली तरी पाय बाहेर पडेल. बूट टॉवेलसारखा पिळला गेला तर तोही नको.

आणि मुळात आपण दिवसातले किती तास बूट घालतो? दिवसभर ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या टाचा दुखतात आणि तिला बुटाचे इनसोल दिले जातात, जे ती लग्नकार्याव्यतिरिक्त कुठेच घालणार नाही. तिच्यासाठी मागे पट्टा असलेली, आतला सोल निघणारी सँडल घ्या आणि तेच थर त्यात बसवा. घरात वापरण्यासाठी एक जोडी वेगळी ठेवा. पावसाळ्यात वेल्क्रो ओलं राहून सुटतं, म्हणून त्या जोडीत थर चिकटवलेलेच बरे.

कुठे दुखतंय त्यावरून चूक ओळखा

कमानीच्या मधोमध फोड आला तर उंचवटा पुढे आहे किंवा फार उंच आहे. पायाची बाहेरची कड किंवा बाहेरचा घोटा दुखायला लागला, पाय बाहेर मुरगळल्यासारखा वाटला, तर पाचर जास्त झाली, २ मिलिमीटर काढा. टाच सरळ झाली पण अंगठ्याची बाजू जमिनीला टेकत नाही, तर चवड्याखाली आतून आधार लागेल. हे काम ऑर्थोटिस्टवर सोडा. चालताना करकर आवाज येत असेल तर इनसोल आणि बूट यांच्यामध्ये थोडी टाल्कम पावडर टाका. पहिल्याच दिवशी आठ तास घालून पोटऱ्या आणि मांड्या दुखल्या तर इनसोलला दोष देऊ नका. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास वाढवा. दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यानेही दुखणं वाढतच असेल तर घालणं थांबवा आणि पाय पुन्हा तपासून घ्या.

शेवटचा भाग साहित्याचा. अंगठ्याने दाबून ‘कडक आहे’ म्हणून घेतलेली ईव्हीएची शीट ८० किलोच्या माणसाखाली बसून जाते. आधाराच्या थराला शोअर ए या कडकपणाच्या मापात ४५ ते ५५ ची शीट घ्या, वजनदार माणसाला त्याहून कडक, आणि मऊ शीट फक्त वरच्या अस्तराला. तरीही ईव्हीए हळूहळू दबतंच. म्हणून इनसोल नवीन असतानाच टाचेच्या आतल्या कडेची आणि उंचवट्याची जाडी मोजून खालच्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी परत मोजा. जाडी दीड-दोन मिलिमीटर कमी भरली की तो थर बदला.