पोटातल्या मुलाचे ते सहा-सात आठवडे: घरातल्या रसायनांपासून जपायचं कसं

टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात तेव्हा बहुधा चौथा-पाचवा आठवडा चालू असतो. गर्भ मुलाचा असेल, तर लवकरच त्याची वृषणं आकार घेतात आणि टेस्टोस्टेरॉन बनवायला लागतात. साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात हे हार्मोन पुरेसं मिळालं की जननेंद्रियांची घडण नीट बसते. नेमकी तेव्हाच त्यात खोडा घालणारी रसायनं आईच्या अंगात असली, तर राहिलेली कसर नंतर भरून निघत नाही. मूत्रमार्गाचं छिद्र भलत्या जागी असणं, वृषण खाली न उतरणं, मोठेपणी शुक्राणू कमी भरणं आणि वृषणाचा कॅन्सर, या चारही तक्रारींचं मूळ गर्भातच असू शकतं, असं डेन्मार्कचे संशोधक डॉक्टर नील्स स्काकेबेक यांनी 2001 मध्ये मांडलं.

म्हणजे दोन रेघा दिसल्यावरही हाताशी तीनेक आठवडे उरतात. प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट्स आणि कडक प्लॅस्टिकमधलं बिस्फेनॉल ए (बीपीए) अंगात मुक्काम ठोकत नाहीत. बहुतांश भाग दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. रोज नव्याने येतात म्हणून रोज सापडतात, इतकंच. तेव्हा येण्याची वाट अडवायची. गर्भ मुलाचा की मुलीचा हे कळायची गरज नाही, काळजी तीच.

आधी औषधांचा डबा उघडा

सगळे प्लॅस्टिकपासून सुरुवात करतात. मी औषधांपासून करायला सांगेन, कारण इथला धोका सर्वांत स्पष्ट आहे. नवरा केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेत असेल, तर ती तुटलेली किंवा कुटलेली गोळी गरोदर बाईने हातातसुद्धा घेऊ नये. टेस्टोस्टेरॉनचं जास्त जोरकस रूप तयार होऊ न देणं हेच त्या औषधाचं काम, आणि मुलाच्या गर्भाला लिंग घडवायला तेच रूप लागतं. त्याच जातीच्या ड्युटास्टेराइडची कॅप्सूल गळकी असेल तर औषध कातडीतूनही आत जातं. ही औषधं वेगळ्या डब्यात, नवऱ्यानेच हाताळावीत.

गर्भपात टळावा म्हणून एकेकाळी डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे हार्मोन लाखो गरोदर बायकांना दिलं गेलं. 1971 मध्ये त्यांच्या मुलींत योनीचा दुर्मीळ कॅन्सर दिसला, पुढे मुलग्यांतही वृषणांच्या तक्रारी आढळल्या. म्हणून कोणतंही हार्मोन, बॉडीबिल्डिंगची पावडर किंवा कुणी सुचवलेला काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. पॅरासिटामॉलला मात्र घाबरू नका. ताप अंगावर काढणं बाळाला जास्त वाईट. गरजेपुरतं घ्या, पण आठवडेच्या आठवडे सवयीने नको.

मग स्वयंपाकघर

इथे लक्षात ठेवायची जोडी म्हणजे उष्णता आणि तेल. गार, कोरडा पदार्थ प्लॅस्टिकच्या डब्यात राहिला तर फारसं बिघडत नाही. वाफाळती, तेलाचा तवंग आलेली भाजी त्यात ओतली की प्लॅस्टिकमधलं रसायन अन्नात उतरायला लागतं. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ डबा वितळणार नाही, एवढाच धरा. गरम करायला काच किंवा चिनी माती, ठेवायला स्टील. चरे पडून पांढुरके झालेले डबे आधी काढा. ‘बीपीए-फ्री’ वाचून निर्धास्त होऊ नका. अनेकदा त्याच्या जागी त्याचंच भावंड, बिस्फेनॉल एस, असतं. दुकानातल्या गुळगुळीत पावतीच्या कागदावरही हीच मंडळी असतात, तेव्हा जेवायच्या आधी हात धुवा.

वासाचं काय

सौंदर्यप्रसाधनांच्या यादीत नुसतं ‘फ्रेग्रन्स’ असं लिहिलेलं असेल, तर त्यामागे थॅलेट दडलेलं असू शकतं. परफ्यूम, रूम फ्रेशनर, वासाचं लोशन हे काही महिने बाजूला ठेवा. 2005 मध्ये अमेरिकेत शॅना स्वॉन यांच्या गटाने दाखवलं की गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत काही थॅलेट्सचे अवशेष जास्त होते, त्यांच्या मुलग्यांत गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर कमी भरलं. टेस्टोस्टेरॉन कमी पडल्याची ती खूण मानतात.

धूर, धूळ, रंग

सिगारेट बंद, नवऱ्याचीही. कीटकनाशक फवारताना आणि त्यानंतर लगेच घरात थांबू नका. फरशी कोरडी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. बाळाची खोली सजवायच्या उत्साहात जुना रंग मात्र स्वतः खरवडू नका. त्यात शिसं असू शकतं, आणि ते हाडांत वर्षानुवर्षं ठाण मांडतं. कामाच्या जागी फवारणी किंवा सॉल्व्हंट असतील तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.

बाळ झाल्यावर

दोन्ही गोट्या पिशवीत आहेत का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. घरी पाहायचं तर आंघोळीनंतर, कोमट हातांनी. गार हात लागला की त्या वर सरकतात आणि उगाच धास्ती बसते. दिवस भरून जन्मलेल्या शंभर मुलांत दोन-चार जणांची गोटी उतरलेली नसते, आणि त्यातल्या बऱ्याच पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतरही नाही उतरली, तर सर्जनना दाखवा. ऑपरेशन दीड वर्षाच्या आत व्हावं.

कुठल्या डब्यामुळे झालं हे मात्र शोधत बसू नका. आनुवंशिकता, कमी वजन, लवकर जन्म अशी कारणंही असतात आणि एका बाळापुरतं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. लघवीची धार खाली जात असेल, तर सर्जनने पाहीपर्यंत सुंता करू नका. छिद्र जागेवर आणायच्या ऑपरेशनमध्ये तीच पुढची कातडी लागते.