अवरक्तात तेजोमेघ पाहायचेत? ८५०चा फिल्टर घेण्याआधी हे वाचा

मृगातला तेजोमेघ (एम४२) अवरक्तात, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये, पाहायचं मनात आलं की पहिली खरेदी होते ८५० नॅनोमीटरच्या फिल्टरची, म्हणजे त्याहून लांब लहरीच आत सोडणाऱ्या काचेची. करू नका. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची, अवरक्त अडवणारी आयआर-कट काच काढून, हा फिल्टर लावून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गच्चीवरून फोटो घेतलात तर तारे भरपूर येतील, तेजोमेघ मात्र बराच फिका.

कारण नीट समजून घ्या, सगळी फसगत इथेच होते. तेजोमेघाची ओळखीची लाली हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या रेषेची. ती दृश्य प्रकाशातली, म्हणून ८५०चा फिल्टर नेमकी तीच अडवतो. मग धुळीआडचे नवजात तारे तरी दिसतील? समजा, धुळीमुळे एखादा तारा दृश्य प्रकाशात २० प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, मॅग्निट्यूड) मंद झालाय, म्हणजे १० कोटी पट. ८५० नॅनोमीटरला ही घट साधारण निम्मी, १० प्रती. तरी १०,००० पट मंदच. २.२ मायक्रॉनला (१ मायक्रॉन म्हणजे १,००० नॅनोमीटर) मात्र ती सव्वादोन प्रतींच्या आसपास येते, जेमतेम आठ पट. धूळ खरी पारदर्शक होते ती तिथे, आणि कॅमेऱ्याचा सिलिकॉनचा सेन्सर १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळा असतो. कितीही महाग कॅमेरा घ्या, फरक पडत नाही.

काच आधीच काढून बसला असाल तर वाईट वाटून घेऊ नका. ती काच ६५६.३ची रेषाही बरीच खात होती, त्यामुळे लाल तेजोमेघ आता जास्त खुलेल. फक्त अतिनील आणि अवरक्त दोन्ही अडवणारा यूव्ही-आयआर कट फिल्टर लावा, नाहीतर लेन्स अवरक्ताला वेगळ्या जागी फोकस करते आणि तारे फुगतात.

खरं अवरक्त बघायला पैसे लागत नाहीत. ब्राउझरमध्ये अलादिन लाइट हा आकाशाचा नकाशा उघडा, 'एम४२' शोधा, दृश्यक्षेत्र १ अंश ठेवा. आधी डीएसएस (दृश्य प्रकाशातलं सर्वेक्षण), मग टू-मास (जवळचं अवरक्त), मग वाइज (त्याहून लांब लहरींचं अवरक्त). तेजोमेघाच्या मध्यावरच्या चार ताऱ्यांच्या समलंब चौकोनाच्या (ट्रॅपेझियम) वायव्येला साधारण १ कलेवर (अंशाचा साठावा भाग) टू-मासमध्ये एक ठळक तारा दिसेल. तो १९६७ साली सापडलेला बेकलिन-नॉयगेबाउअर तारा. दृश्य प्रकाशात तिथे काहीच नाही. वाइजच्या १२ आणि २२ मायक्रॉनच्या चित्रात मात्र तेजोमेघाचं केंद्र संपृक्त झालंय, तिथल्या आकारांवर विश्वास ठेवू नका. शिवाय २२ मायक्रॉनला वाइजचा तपशील १२ विकलांचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), जवळचे तारे एकमेकांत मिसळतात.

सगळं मृग नक्षत्र पाहायचं तर क्षेत्र ३० अंश करा. २.२ मायक्रॉनला मृगातली लालसर काक्षी (बीटलज्यूस) राजन्याला (रायजेल) तर मागे टाकतेच, व्याधापेक्षाही तेजस्वी ठरते. तिचं तापमान सुमारे ३,६०० केल्विन, त्यामुळे बराचसा प्रकाश अवरक्तातच येतो.

तयार रंगीत चित्रांवर विसंबणं मला अजिबात पटत नाही. मोठी दुर्बीण बाळगणाऱ्यापेक्षा 'यातला लाल म्हणजे किती मायक्रॉन?' असं विचारणारा मार्गदर्शक शोधा. टू-मासमध्ये निळा म्हणजे १.२५ मायक्रॉन (जे बँड), हिरवा १.६५, लाल २.१७ (के बँड). लाल तारा थंड असेल किंवा धुळीआडचा, नुसत्या रंगावरून ठरत नाही. जे आणि के बँड आलटून पालटून लावा. जेमध्ये मुळीच नाही आणि केमध्ये ठळक, तेजोमेघाच्या काळ्या पट्ट्यावरच बसलेला, असे तारे बहुधा धुळीआडचे, ते आधी वहीत टिपा.