जीनोम जोडायला बसलात? आधी चुका मोजा

तुकडे आहेत, टोकं जुळवायची, झालं! असेम्ब्ली, म्हणजे डीएनएच्या वाचलेल्या तुकड्यांतून (रीड्समधून) पूर्ण जीनोम जोडणं, शिकायला घेतली तेव्हा माझा एवढाच समज होता. सरावाला ई. कोलाय हा जीवाणू घेतला, साधारण ४६ लाख अक्षरांचा जीनोम, नवशिक्याला झेपणारा. निघाला नुसता चुरा. दोन दिवस सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या.

चूक माझी होती. सुमारे १० टक्के चुका असलेल्या लाँग रीड्स (हजारो अक्षरांच्या) मी डी ब्रुइन ग्राफवाल्या, म्हणजे रीड्सचे के अक्षरांचे छोटे तुकडे (के-मर) करून ते जुळवणाऱ्या, इल्युमिना यंत्राच्या छोट्या, स्वच्छ रीड्ससाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये घातल्या होत्या, के ३१ ठेवून. सलग ३१ अक्षरं बिनचूक येण्याची शक्यता ०.९ चा ३१ वा घात, म्हणजे जेमतेम ४ टक्के! चुका १ टक्का असत्या तर हीच शक्यता ७३ टक्के झाली असती. अशा रीड्ससाठी कानूसारखी साधनं आहेत. ती आधी रीड्स एकमेकींशी ताडून दुरुस्त करतात, मग जोडतात.

(के विषमच का? एसीजीटी उलटं वाचून पूरक अक्षरं (ए-टी, सी-जी) लिहा, पुन्हा एसीजीटीच येतं. मग डीएनएच्या दोन धाग्यांपैकी हा कुठला हे कळत नाही. विषम लांबीत हा घोळ होतच नाही.)

शॉर्ट रीड्स हातात आल्या की आधी के-मरचा हिस्टोग्राम, म्हणजे किती के-मर किती वेळा दिसले याचा आलेख, काढा. एकदोनदाच दिसलेले के-मर डावीकडे कड्यासारखे उभे राहतात, त्यात बहुतेक चुकाच. पुढे कव्हरेजच्या (जीनोममधली प्रत्येक जागा सरासरी जितक्या वेळा वाचली गेली त्या आकड्याच्या) आसपास उंचवटा हवा. तो दिसत नसेल तर असेम्बलर चालवूच नका.

कव्हरेज वाढवलं की सगळं सुधारतं, असं सांगणारे भेटतील. विखुरलेल्या चुका बहुमतात हरतात, खरं आहे. पण नॅनोपोअर हे लाँग रीड्सचं यंत्र सलग सात ए वारंवार सहाच वाचत असेल, तर बहुमतच चुकीचं! एक अक्षर गळलं की जनुकाची पुढची सगळी त्रिकं सरकतात. तिथे शॉर्ट रीड्सनी पॉलिशिंग, म्हणजे जोडून झाल्यावर उरलेल्या चुका दुरुस्त करण्याचं काम, करावं लागतं.

आणि एन५०वर भाळू नका. (कॉन्टिग म्हणजे जोडून तयार झालेला सलग तुकडा; निम्मी असेम्ब्ली ज्या लांबीच्या किंवा त्याहून लांब कॉन्टिग्जमध्ये बसते, ती लांबी म्हणजे एन५०.) मी भाळलो होतो. ई. कोलायमध्ये आरआरएनए जनुकांचा सुमारे ५ हजार अक्षरांचा जवळपास एकसारखा पट्टा सात ठिकाणी येतो. माझा सर्वांत लांब कॉन्टिग अशाच एका पट्ट्यावर भलतीकडे जोडला गेला होता. रीड्स परत त्यावर मॅप केल्या, म्हणजे जुळवून बसवल्या, तर तो सांधा आरपार ओलांडणारी एकही रीड नव्हती. कॉन्टिग तिथेच तोडला. एन५० धाडकन खाली आला, आणि तीच असेम्ब्ली मी जमा केली.