किशोरांसाठी चेटकिणीची कादंबरी कशी लिहावी: मैत्री मोडण्याचं प्रकरण

कल्पनारम्य कादंबरी लिहायची म्हटलं की सगळीकडून एकच सल्ला मिळतो: आधी जग उभं करा. नकाशा काढा, घराण्यांच्या वंशावळी लिहा, मंत्रांची वही करा. हा सल्ला ऐकून उत्साहानं कामाला लागलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. वर्षभरानं त्यांच्याजवळ देखणा नकाशा असतो आणि गोष्टीचं एक पानही नसतं. मला त्या सल्ल्याचा राग येतो, कारण त्यापायी चांगलं लिहिणाऱ्या मुली थकून लिहिणं सोडतात.

आठवीतली मुलगी चेटकिणीची गोष्ट हातात घेते तेव्हा तिला एवढंच जाणून घ्यायचं असतं की हिला कुणी आपलं म्हणेल का. मधल्या सुट्टीत डबा घेऊन कुणाशेजारी बसायचं, हा त्या वयातला सगळ्यात मोठा प्रश्न असतो. चेटूक असतं ते त्या प्रश्नाला धार यावी म्हणून. तेव्हा सुरुवात दोन मुलींपासून करा.

दोघी ठरवा

एक गावात नवी आलेली, दुसरी गावातलीच पण चार हात लांब ठेवलेली. माझ्या कादंबरीत जुई आईच्या बदलीमुळे अलिबागजवळच्या एका गावात येते. मैना तिथलीच, पण तिच्या आजीला लोक चेटकीण म्हणतात. सुरुवातीला एवढं पुरतं.

चेटूक आपल्या घरातलं घ्या

टोकदार टोपी, उकळती कढई आणि उडता झाडू ही युरोपातली सामग्री आहे. ती तिथल्या गोष्टीत शोभते. आपल्याकडे केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करतात आणि लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतात. तुमची नायिका केरसुणीवर बसून उडाली, तर मराठी घरात वाढलेल्या वाचकाला आधी तो पाय दिसेल. ही अडचण मला तरी कामाची वाटते. आजी नातीला केरसुणी ओलांडू देत नाही, नात एकदा ओलांडते, आणि तिथून प्रकरण सुरू होतं.

स्वयंपाकघरात पाहा. मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या. दृष्ट काढून त्या निखाऱ्यावर टाकल्या आणि ठसका आला नाही, तर आजी म्हणते, ‘बघ, केवढी लागली होती!’ ह्या एका वाक्यात चेटकाचा अख्खा नियम आहे: वस्तू काय, कृती काय, परिणाम कशावरून ओळखायचा. तुमचं चेटूक ह्याच मापाचं ठेवा. मंत्र संस्कृत वाटतील असे घडवू नका, ते पूजेसारखे ऐकू येतात. दृष्ट काढताना बायका पुटपुटतात, जात्यावर ओव्या म्हणतात, तशा चालीवर लिहा. मैनाची आजी मिठाशी बोलते: ‘मिठा रे मिठा, दर्याच्या लेका, आल्या वाटेनं माघारी जा.’ वाचणाऱ्या मुलींना हे एका दमात पाठ होतं.

चेटकिणींचं मंडळ हवं असेल तर तेही आयतं आहे. नदीकाठी, विहिरीजवळ शेंदूर लावलेले सात दगड दिसतात, त्या साती आसरा, पाण्याकाठच्या सात देवता. नवरात्रात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून भोंडला खेळणाऱ्या मुली, आणि शेवटी खिरापत ओळखायचा गलका. फेरात कोण आहे आणि बाहेर कोण उभी आहे, हे त्या अंगणात न सांगता दिसतं.

चेटकाची किंमत, म्हणजे ते करणारीला काय गमवावं लागतं, एका वाक्यात ठरवून टाका आणि शेवटपर्यंत बदलू नका.

‘चेटकीण’ हा शब्द जपून वापरा

इथे मी हट्टी आहे. बालनाट्यातल्या लांब नाकाच्या चेटकिणीला आपण हसतो, ते ठीक आहे. पण ह्याच महाराष्ट्रात, नंदुरबारकडे सातपुड्याच्या पाड्यांवर, ‘डाकीण’ म्हणून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, तो त्याच वर्षी आला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड, अशी त्यात शिक्षा आहे. त्या कायद्याला जोडलेली अनुसूची कादंबरी लिहिणाऱ्यानं वाचलीच पाहिजे. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते असं जाहीर करून तिचा छळ करणं, हे त्यात गुन्हा म्हणून आलं आहे. दूध आटण्यापासून गोष्ट सुरू होते आणि एका बाईच्या दारात येऊन थांबते. गाव असंच वागतं.

दूरचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं सालेम घ्या. १६९२च्या चेटूक खटल्यांत तिथे १९ जणांना फाशी दिलं गेलं. आरोपांची सुरुवात झाली ती मुलींपासून, त्यातली एक तर फक्त ९ वर्षांची होती. मुलींचा एक गट, त्यात टिकून राहण्याची धडपड आणि कुणाकडे तरी दाखवलेलं बोट: हे सगळं आठवीच्या वर्गात रोज घडतं, फक्त फाशी नसते.

म्हणून माझा नियम असा. कादंबरीत ‘चेटकीण’ हा शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा तो शिवी म्हणून यावा, आणि ज्या बाईला तो लागतो तिचा चेहरा वाचकाला दिसावा. पुढे मुलींनी तो शब्द अभिमानानं स्वतःला लावला तरी चालेल. पण आधी तो लागलेला दिसला पाहिजे.

मैत्री मोडा

आता खरं काम. ह्या एका प्रकरणानं माझी दीड वर्षं घेतली.

दोघींची मैत्री जमवणं सोपं असतं, ते चार पानांत होतं. आणि मधे कुठेतरी ती मोडावी लागते, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. चूक होते ती कशानं मोडायची ह्यात. माझ्या पहिल्या खर्ड्यात वर्गातली एक खलनायिका जुईच्या दप्तराला काळा दोरा बांधते. त्या दोऱ्याच्या प्रभावानं जुई मैनाशी वाईट वागते, आणि दोरा जाळला की सगळं पूर्ववत होतं. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. चेटूकही झालं आणि भांडणही झालं.

एका शाळेच्या वाचनालयात मी ते प्रकरण आठवीच्या मुलींना वाचून दाखवलं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘पण मग जुईनं सॉरी कशाला म्हणायचं? तिनं काही केलंच नाही. दोऱ्यानं केलं.’ तिच्या शेजारची लगेच म्हणाली, ‘आमच्यात तर कुणी दोरा बांधला नव्हता.’ एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या दुसऱ्या बाजूची मुलगी वहीत खाली मान घालून काहीतरी गिरवत होती. त्या दोघींत काय झालं होतं ते मी विचारलं नाही. घरी येऊन ते प्रकरण फाडलं.

मैत्री जादूनं मोडू नका. करणी, शाप, वेषांतर, चोरलेली आठवण, खोटी चिठ्ठी, ह्यातलं काहीही नको. गैरसमजही नको. ‘दोन मिनिटं नीट बोलल्या असत्या तर झालं असतं’ असं भांडण वाचकाला चिडवतं. नायिकेनं स्वतः, शुद्धीवर असताना, काहीतरी वाईट केलं पाहिजे, आणि ते छोटं पाहिजे. मोठा विश्वासघात लिहायला सोपा असतो. छोटा लिहिताना हात कापतो, कारण आपण तो केलेला असतो.

मी चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा जुई मैनाच्या आजीचं गुपित फोडते. फार मोठं झालं. दुसऱ्यांदा ती मैनाला चित्रकलेच्या गटातून वगळते, पण त्यात चेटकाचा संबंधच उरला नाही. तिसऱ्यांदा मैनाला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढताना ती गप्प बसते. हे खरं होतं, पण पडद्यावर घडत होतं, समोर काही दिसत नव्हतं. चौथ्या वेळी हे उतरलं:

‘मधल्या सुट्टीत मैनानं डबा उघडला. घावन होते, आजीनं केलेले. समोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “ए, खाऊ नका, चेटकिणीच्या हातचे आहेत. रात्री पाय उलटे होतील.” सगळ्या हसल्या. जुई हसली नाही. तिनं फक्त ओठ मिटून खाली बघितलं, आणि ओठांचं एक टोक वर गेलं. मैना तिच्याकडेच बघत होती. मैनानं डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, म्हणून तिनं ते पुन्हा काढून लावलं.’

इथे चेटूक कुठेच नाही. तरी ‘चेटकीण’ हा शब्द आहे, तो जिला लागतो ती आजी दृश्यात नसूनही आहे, आणि जुईचा गुन्हा ओठाच्या एका टोकाएवढा आहे. वाचनालयातल्या मुलींना हे वाचून दाखवलं तेव्हा कुणीही विचारलं नाही की जुईनं सॉरी कशाला म्हणायचं.

चेटूक यावं ते ह्यानंतर, परिणाम वाढवायला. माझ्या कादंबरीत दोघी मिळून मीठ हातात धरतात तेव्हाच ते ऐकतं. झाकण लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मीठ ऐकत नाही. भांडण माणसांचं, नुकसान चेटकाचं, ही क्रम उलटू नये अशी गोष्ट आहे.

अजून एक इशारा. ह्या प्रकरणात नायिकेच्या मनातलं लांबलचक लिहू नका. ‘आपण असं का केलं हे तिला कळेना’ हे वाक्य मी प्रत्येक हस्तलिखितात खोडते. तिला चांगलं कळलेलं असतं. तिला नव्या वर्गात बसायला जागा हवी होती.

मग जोडा, पण जीव वाचवून नाही

दुसरा सापळा इथे आहे, आणि छापून आलेल्या पुस्तकांतही तो दिसतो. शेवटच्या लढाईत नायिका मैत्रिणीचा जीव वाचवते, दोघी रडतात, मिठी मारतात, झालं. हे मला मुळीच पटत नाही. जीव वाचवला म्हणजे माफी मागितली असं होत नाही. बुडणाऱ्या कुणालाही आपण हात देऊच. माफी त्याच जागी मागावी लागते जिथे चूक झाली, आणि त्याच लोकांदेखत. जुईला मधल्या सुट्टीत, त्याच बाकांसमोर उभं राहून बोलावं लागलं, आणि बोलताना तिला वर्गातली नुकती मिळालेली जागा गमवावी लागली. मैना त्यावर ‘बरं’ एवढंच म्हणते. तिला लगेच माफ करायला लावू नका. अर्धं पुस्तक अजून शिल्लक आहे, तेवढ्यात ती सावकाश येऊ दे.

‘आपलं’ म्हणण्याचा क्षण मला कित्येक महिने सापडत नव्हता, तो सापडला पिठोरी अमावास्येत. श्रावणाच्या अमावास्येला चौसष्ट योगिनींची पूजा होते. मग आई खीरपुरीचं वाण डोक्यावरून मागे धरते, मागे न बघता विचारते, ‘अतीत कोण?’, म्हणजे अतिथी कोण, आणि मागे उभं असलेलं मूल ‘मी’ म्हणून ते घेतं. चौसष्ट योगिनी, पाठमोरी बाई, आणि नाव न घेता विचारलेला प्रश्न: ह्याहून मोठा चेटकिणीचा प्रवेश मला घडवता आला नसता. माझ्या कादंबरीत मैनाची आजी वाण मागे धरते. जुई दाराशी घुटमळते, कारण ती घरची नाही. आजी पुन्हा विचारते, ‘अतीत कोण?’ मैना जुईच्या पाठीत कोपर मारते आणि कुजबुजते, ‘बोल ना गो.’ माफीचा एकही शब्द तिथे नाही.

तुमच्या घरी पिठोरी नसेल तर उसनी आणू नका. तुमच्याकडे दुसरं काहीतरी असेल, ज्यात कुणीतरी कुणाला आत घेतं. ते शोधा.

बाकीचं

तीस-चाळीस हजार शब्द पुरे. प्रकरणं छोटी ठेवा. मोठ्या माणसांनी शेवटी येऊन उलगडा करून द्यायचा नाही. मुलींची भाषा त्यांच्याकडून ऐका, आपल्या शाळेतली आठवून लिहू नका: तेराव्या वर्षी कुणी करंगळी दाखवून कट्टी घेत नाही, उत्तर द्यायचं बंद करतं.

खर्डा झाला की मोडण्याचं प्रकरण अनोळखी मुलींना मोठ्यानं वाचून दाखवा. घरातल्या मुली कौतुक करतात, त्यांचा उपयोग नाही. ‘आवडलं का?’ असं विचारू नका, ‘चूक कुणाची?’ असं विचारा. सगळ्यांनी ताबडतोब एकच नाव घेतलं तर पुन्हा लिहायला बसा. त्या आपापसात वाद घालू लागल्या आणि एखादी गप्प झाली, तर त्या प्रकरणाला आता हात लावू नका.