कन्सोलवर बसायच्या आधी

"मॅडम, ऑपरेशन मशीन करनार का शिकनारे पोरं?" परभणीकडच्या नातेवाइकांचा हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. रोबोटिक शस्त्रक्रियेचं मशीन स्वतःहून टाकासुद्धा घालत नाही; कन्सोलवर, म्हणजे रोबोटचे हात चालवायच्या जागेवर, बसलेला माणूसच सगळं करतो. तो रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, असेल तर?

रोबोटने गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरच्या अभ्यासांत साधारण एकच चित्र दिसतं: रेसिडेंट असला की वेळ वाढतो, गुंतागुंत मात्र फारशी वाढत नाही. पण हुरळून जाऊ नका. अवघड केसेस सर, म्हणजे शिकवणारे सर्जन, स्वतःकडेच ठेवतात, मग आकडे चांगले दिसणारच! शिवाय वाढलेला वेळ फुकटचा नसतो. पेशंट २५ ते ३० अंश डोकं खाली करून झोपवलेला, पोटात १२ ते १५ मिमी पारा (mmHg) दाबाने गॅस; फुफ्फुसांवर ताण येतो, चेहरा सुजतो. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघू लागले की समजून जा.

म्हणून रेसिडेंट मित्रांनो, केस पूर्ण मिळावी असा हट्ट नको, टप्पा मागा. व्हजायनल कफ (गर्भाशय काढल्यावर उघडं राहिलेलं योनीचं वरचं टोक) शिवणं ही चांगली सुरुवात. जुन्या मशीनवर हाताला ताण जाणवत नाही. दोरा किती ओढला हे टिश्यू पांढरा पडतोय का, यावरूनच ओळखायचं. गर्भाशयाच्या धमनीचा टप्पा बराच नंतर, कारण तिच्या अगदी खालून मूत्रवाहिनी जाते आणि तिथली घाई महिनोन् महिने निस्तरावी लागते. त्याआधी भरपूर दिवस पेशंटशेजारी उभे राहा: पोर्ट (पोटात घातलेल्या नळ्या), डॉकिंग (रोबोटचे हात त्यांना जोडणं), इन्स्ट्रुमेंट बदलणं, सक्शन. कंटाळवाणं आहे खरं, पण रोबोटचे हात एकमेकांवर का आदळतात हे तिथेच कळतं.

फेलोशिप निवडताना मशीन कितव्या पिढीचं, यापेक्षा दुसरा कन्सोल आहे का ते विचारा. २००९ च्या दा विंची एसआय या रोबोटपासून ही सोय आली. सर बसल्या जागेवरून कंट्रोल परत घेऊ शकतात. नसेल तर उठून खुर्ची बदलावी लागते, आणि रक्तस्राव काही तेवढा वेळ वाट बघत नाही. कॅन्सरच्या केसमध्ये तर फक्त रक्त आणि टाके मोजून भागत नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये रॅडिकल हिस्टरेक्टॉमी (आजूबाजूच्या टिश्यूसकट गर्भाशय काढणं) दुर्बिणीने वा रोबोटने केलेल्यांचं जगण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांपेक्षा कमी निघालं, हे २०१८ च्या लॅक ट्रायलने दाखवलं.

अंबाजोगाई, नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पीजी करताय आणि रोबोट नसेल, तर खंतावू नका. ओपन केसेस भरपूर करून घ्या. रक्त आवरलं नाही तर अनडॉक करून, म्हणजे रोबोटचे हात सोडवून, पोट उघडावंच लागतं, आणि नुसत्या सिम्युलेटरवर तयार झालेला हात तेव्हा चाचपडतो.