आधी ओळंबा, मग ऑफसेट: छोट्या सीएनसीवरचा लेसर जागेवर आणताना

वेंगुर्ल्यात आमच्या पडवीत ३०१८ जातीचं छोटं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारं कोरणीचं मशीन आहे. बिट (कोरणारं पातं) फिरवणाऱ्या मोटरीच्या, म्हणजे स्पिंडलच्या, पुढच्या अंगाला मी निळा डायोड लेसर बसवलाय. फणसाच्या फळीवर आधी स्पिंडलने अक्षरं कोरायची, मग त्यांच्या कडेने लेसरने बारीक काळी रेघ जाळायची, अशा घराच्या पाट्या मी करते. मे महिन्यात शिरोड्याच्या एका घराची पाटी करताना ही रेघ अक्षरांच्या वर दीड मिलिमीटर सरकली. इतकी पिवळीधमक जुनी फळी वाया गेली, त्याचं फार वाईट वाटलं. पुढचे दोन दिवस ऑफसेटचे, म्हणजे स्पिंडल आणि लेसर यांतल्या अंतराचे, आकडे बदलत बसले. एकदा बरोबर यायचं, दुसऱ्यांदा पुन्हा चुकायचं.

बाबा सुतारकाम करतात. मशीन वर-खाली होताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "अगो, हो उजेड ओळंब्यात खंय आसा?"

दोष नेमका तोच होता. ऑफसेट मोजताना स्पिंडलमध्ये बिट तसंच होतं. ते फळीला लागू नये म्हणून मी झेड अक्ष (वर-खाली सरकणारा भाग) ३० मिलिमीटर जास्त वर घेतला होता. जाळताना बिट काढलं आणि लेसर फोकसच्या उंचीवर खाली आणला. किरण तिरका असेल तर या दोन उंचींवर तो दोन वेगळ्या जागी पडणारच. लेसर आणि स्पिंडल यांतलं अंतर ठरलेलं असतं, ते एकदा मोजलं की झालं. तिरकेपणाची चूक मात्र उंचीबरोबर बदलते. ही चूक त्या अंतराच्या आकड्याने झाकायला गेलात, तर पुढच्या पाटीवर ती परत वर येते.

म्हणून आधी तिरकेपणा. त्याच्याही आधी फोकस पक्का करा, कारण लेन्सची रिंग फिरवली की बिंदूही थोडा भटकतो. फळीचा तुकडा उतरता ठेवून त्यावर एक सरळ रेघ जाळा. ती जिथे सर्वांत बारीक येते, तिथल्या फळीपासून लेसरच्या बुडापर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा फोकस. तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा करून मशीनशेजारीच ठेवा.

आता बेडवर आलेखाचा कागद चिकटवा. मोबाइल स्टँडवर लावा, हाताने धरू नका. लेसर फोकसच्या उंचीवर आणा. जीआरबीएल (अशी मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा कंट्रोलर असेल तर सेटिंग क्रमांक ३२ ची किंमत १ आणि क्रमांक ३० ची १००० असू द्या. मग जी१ एफ१०० आणि एम३ एस१० एवढ्या आज्ञा दिल्या की एक टक्का ताकदीवर बिंदू दिसतो. (ही अक्षरं आणि आकडे मशीनला रोमन लिपीतच द्यायचे.) एम३ ऐवजी एम४ दिलंत तर मशीन थांबलेलं असताना बिंदू उमटणारच नाही. फोटो काढा आणि एम५ ने लेसर बंद करा. झेड ४० मिलिमीटर वर घ्या, पुन्हा तसाच फोटो. ४५० नॅनोमीटरसाठीचा चष्मा घातलेला असताना निळा बिंदू नीट दिसत नाही आणि तो पाहण्यासाठी चष्मा काढणं मला मान्य नाही. लेसर बंद झाल्यावर चष्मा काढून फोटोतले चौकोन मोजावेत. वरच्या उंचीवर ठिपका मोठा आणि धूसर होतो, त्याचा मध्य धरा.

माझा बिंदू ४० मिलिमीटरला २ मिलिमीटर पुढे, म्हणजे माझ्या बाजूला सरकत होता. म्हणून ३० ला दीड. हिशोब तंतोतंत जुळला तेव्हा जीव भांड्यात पडला. लेसरच्या दोन स्क्रूंमधलं उभं अंतर ३० मिलिमीटर आहे, म्हणून पॅकिंगही दीड मिलिमीटरचंच लागलं. वर जाताना बिंदू पुढे येत असेल तर पॅकिंग वरच्या स्क्रूच्या मागे, मागे जात असेल तर खालच्या. मी एक मिलिमीटरचं वॉशर आणि थंड पेयाच्या कॅनच्या पत्र्याच्या पाच पट्ट्या घातल्या. तो पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. कागदाची घडी घालू नका, आमच्या पावसात ती फुगते. डावी-उजवी सरक असेल तर स्क्रू सैल करून लेसर किंचित फिरवला की भागतं. लेसरच्या डब्याला गुण्या लावून मात्र हे काम होत नाही, कारण किरण डब्याच्या कडेला समांतर असेलच असं नाही.

मग ऑफसेट. टाकाऊ फळीवर व्ही-बिटने बारीक फुली कोरा आणि तिच्या मध्याला जी५४ चा, म्हणजे मशीनमध्ये साठवता येणाऱ्या पहिल्या आरंभबिंदूचा, शून्य द्या. झेड वर घेऊन बिट काढा, ठोकळा लावून लेसर फोकसवर आणा आणि लेसर आणि स्पिंडल यांतलं अंतर अंदाजाने सरकून लेसरने दुसरी फुली जाळा. दोन फुल्यांमधला फरक व्हर्नियरने मोजा आणि सरकलेल्या अंतरात जमा-वजा करा, तो ऑफसेट. ठिपक्यापेक्षा फुली बरी, कारण डायोडचा ठिपका गोल नसतो, लांबट असतो आणि डोळ्याला त्याचा मध्य चुकतो. माझा आकडा एक्स (डावी-उजवी) २.४, वाय (पुढे-मागे) ४६.८ आला. लेसर पुढे आहे, म्हणून वाय अधिक. आता प्रत्येक पाटीला जी५४ चा शून्य दिल्यावर मी त्या आकड्यावर जाते आणि जी१० एल२० पी२ एक्स० वाय० देते. त्याने जी५५ चा, म्हणजे दुसऱ्या आरंभबिंदूचा, शून्य लेसरखाली येतो. कोरायचं जी५४ वर, जाळायचं जी५५ वर. यासाठी जी९२ (तात्पुरता शून्य) वापरू नका, रीसेट झालं की ते पुसलं जातं आणि वीज गेली की आमच्याकडे रीसेट ठरलेलाच.

फळीच्या चारही कोपऱ्यांत फुल्या करून पाहा. सगळीकडे सारखीच सरक असेल तर आकडा सुधारा. वेगवेगळी असेल तर आकड्याला हात लावू नका. दोन्ही हत्यारं एकाच गाड्यावर आहेत, त्यामुळे मापाची चूक दोघांनाही सारखीच लागते. तिथे फळी हललेली असते किंवा अक्ष सरकवणाऱ्या स्क्रूच्या नटात ढिलाई असते. ढिलाई असेल तर प्रत्येक बिंदूवर एकाच बाजूने यायचं.

करवंटीवर जाळणाऱ्यांनी तर ओळंब्याची चाचणी टाळूच नये. करवंटीचा मध्य कडेपेक्षा ८ मिलिमीटर उंच असेल, तर माझ्या जुन्या तिरकेपणाने तिथे ०.४ मिलिमीटरचा फरक पडला असता. बारीक नक्षीत तेवढा सहज दिसतो.

खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, एमडीएफचा बेड पावसाळ्यात फुगतो. गणपतीच्या मखरांची कामं येण्याआधी, श्रावणात, मी दोन्ही चाचण्या पुन्हा करते. शिरोड्याची पाटी दुसऱ्या फळीवर करून दिली, रेघ अक्षरांना बिलगून आली आहे.